एकशेसाठ मीटरवरचा शंभरावा देश

"अहो, तार बांधताय की त्याचा टॉवर मोजताय?" काकूंनी अंगणातून आवाज दिला.

काका गच्चीच्या कठड्याला तारेचं टोक आवळत होते, पण डोळे दोन गल्ल्या पलीकडे लागलेले. तिथे दातांच्या डॉक्टरचा पोलादी टॉवर उभा होता.

"मोजायचंय काय त्यात? नुसतं लोखंड आहे," काका म्हणाले. मोजून केव्हाच झालं होतं. तीस मीटर.

काका पाणीपुरवठ्याच्या पंपघरात चौतीस वर्षं मोटारी सांभाळून निवृत्त झाले होते, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं हौशी रेडिओवर परक्या देशांशी मोर्सच्या टिकटिकीतून बोलत होते. त्यातही खोड अशी, की रेडिओलहरींचा सगळ्यांत आडमुठा पट्टा धरला, एकशेसाठ मीटरचा. त्याला धड अँटेना करायची तर चाळीस मीटर तार लागते, आणि दिवसा लांबचं काही ऐकू येत नाही. सूर्य उगवायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं दूरचे आवाज एकदम वर येतात. ऊन पडलं की दुकान बंद.

काकांची तार घरामागच्या निलगिरीवर चढून आडवी गच्चीवर येई. तिच्या जोडीच्या तारा अंगणभर पुरलेल्या, त्यामुळे काकूंना तीस वर्षांत धड एक गुलाब लावता आला नव्हता. एवढ्या उपद्व्यापातून नव्याण्णव देश झाले होते. शंभर झाले की प्रमाणपत्र. आणि पुढच्या महिन्यात घर सोडून मुलीकडे पाचव्या मजल्यावर राहायला जायचं होतं. तिथे कपड्यांची दोरी बांधायलाही परवानगी लागे, मग चाळीस मीटर तारेचं नावच नको.

डॉक्टरला मोर्स शिकवलं ते काकांनीच, याच घरात, डब्याच्या झाकणावर चमचा वाजवून. सहा महिने त्या गड्याला एल आणि एफ यांतला फरक कळत नव्हता. मग त्याने टॉवर उभारला, हजार वॅटचं यंत्र आणलं आणि चार वर्षांत एकशे बारा देश करून मोकळा झाला. दर वेळी पहिला फोन काकांना. "काका, आज अजून एक!" काका "वा, वा!" म्हणत आणि फोन ठेवला की त्यांना चहा कडू लागे. पोटच्या पोरासारखा मुलगा, त्याच्यावर जळतो याची त्यांना लाज वाटे, आणि लाज त्याच्यामुळे वाटते म्हणून ते आणखी जळत.

या महिन्यात एका ओसाड बेटावर रेडिओवाल्यांची तुकडी दहा दिवसांसाठी उतरली होती. तिथे यापूर्वी कुणी गेलं त्याला वीस वर्षं झाली होती, आणि रेडिओच्या यादीत ते बेट वेगळा देश म्हणून धरलं जाई. डॉक्टरला बेट पहिल्याच पहाटे मिळालं. काका रोज हाका मारत होते आणि बेट रोज दुसऱ्याच कुणाशी बोलत होतं. नवव्या दिवशी, ऐन वेळी, वाऱ्याने तार तोडली. तीच ते आता बांधत होते.

दहाव्या पहाटे काकांनी कानाला हेडफोन लावला. खरखरीच्या तळाशी बेट होतं. त्यांनी हाक दिली. पुन्हा दिली. खिडकीबाहेर आभाळ पांढुरकं व्हायला लागलं, तेव्हा बेटाने काकांचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं त्यांचं नाव, पाठवला. अख्खा, एकही अक्षर न चुकता.

काकांनी मोर्स ठोकायची किल्ली धरली. आता बेटाने आवाज कसा पोहोचतोय ते आकड्यांत सांगायचं, काकांनी तसंच सांगायचं, की झालं. पण आकडे आलेच नाहीत. रेडिओवाले 'आपलं आधीच झालंय' म्हणायला वापरतात तो छोटा संकेत आला, आणि बेट पुढच्या माणसाकडे वळलं. काका किल्लीवर 'नाही, नाही' बडवत राहिले. मग ऊन आलं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"म्हणतात, मी त्यांच्याशी आधीच बोललोय."

"कधी?"

"तेच तर!"

आठ वाजता डॉक्टर आला, दवाखान्यात जायच्या आधी, हातात कागद घेऊन. चेहरा नुसता फुललेला. "काका, इंटरनेटवर बेटाची नोंदवही बघितलीत का? तुमचं तुम्हाला दिसू दे म्हणून कालपासून तोंड दाबून बसलोय!"

कागदावर काकांचा कॉलसाइन होता. वेळ, काल सकाळी सहा बारा. काल सहा बाराला काका तुटलेल्या तारेचं टोक हातात धरून निलगिरीखाली उभे होते.

"माझा कॉलसाइन तू पाठवलास?"

डॉक्टरचं हसू जरा उतरलं. "तुमची हाक कुठे ऐकूच येईना, काका. म्हटलं, घर सोडताय, राहून जाईल. हात तर तुम्हीच शिकवलेला आहे ना?"

"किती वेळा हाक मारलीस?"

"एकदाच."

एकदाच! फसवाफसवीपेक्षा काकांना हे जास्त झोंबलं.

"आज त्यांनी मला घेतलं होतं," काका म्हणाले. "मला, माझ्या तारेवर. आधीच झालंय म्हणाले आणि सोडून दिलं."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे."

चार वर्षांचं साठलेलं सगळं काकांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "पत्र लिही त्यांना. कालचं बोलणं माझं नाही, खोडून टाका म्हणावं."

"काका, ते आज निघतायत. ते खोडलं तर तुमच्याकडे काहीच राहत नाही हो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय. लिही."

डॉक्टरने फोनवर पत्र लिहिलं, काकांना वाचून दाखवलं आणि पाठवलं. काकूंनी पुढे ठेवलेल्या चहाला त्याने हात लावला नाही. खाली मान घालून त्याने विचारलं, "किती वॅटवर होतात?"

"शंभर."

"आणि ती गाठ मारलेली तार?"

"मग काय तुझा टॉवर?"

डॉक्टर उठून खिडकीशी गेला. निलगिरीवरून ती काळपट तार झोळ घेत गच्चीकडे येत होती. हजार वॅट आणि तीस मीटर लोखंड असल्यावर बेटापर्यंत कुणीही पोहोचतो, हे त्याला आत्ता कुठे कळत असावं. त्याचा जबडा आवळला गेला. तो हललाच नाही, तारेकडे बघतच राहिला.

ती नजर काकांच्या चांगलीच ओळखीची होती; चार वर्षं ते तिनेच टॉवरकडे बघत आले होते. समजुतीचे दोन शब्द त्यांना बोलता आले असते.  पण त्यांनी त्याला पोटभर बघू दिलं.