रविवारपर्यंतचा पाव

वस्तू किती दिवस टिकते हे सांगायचा मी पगार घेतो. अंधेरीच्या एका औषध कंपनीत गोळ्यांची पाकिटं उष्णतेत, दमट हवेत, गारठ्यात ठेवायची, दर महिन्याला एक फोडून बघायची आणि कागदावर लिहून द्यायचं की ही गोळी दोन वर्षं चालेल. त्यामुळे वसईतल्या नंदाखाल गावच्या एका म्हाताऱ्याने मला ‘चार दिवस पाव टिकवून दाखव’ असं बजावलं तेव्हा मला हसूच आलं. एम.एस्सी.ची पदवी, सात वर्षांचा अनुभव, आणि प्रश्न काय तर एका पावाचा! गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर होतं, एवढाच काय तो फरक.

म्हातारा म्हणजे हरिभाऊ, अश्लेषाचे आजोबा. आणि अश्लेषा म्हणजे... थांबा, तिच्याबद्दल सांगायला लागलो की माझं बाकीचं सगळं राहून जातं. थोडक्यात सांगतो. बाबांचा खांदा आखडला होता, त्यांना व्यायाम द्यायला ती आठवड्यातून तीनदा आमच्या घरी यायची. पहिल्याच दिवशी मी केलेला बनाना ब्रेड टेबलावर होता. तिने बाबांचा हात वर करायला लावला, दहा आकडे मोजायला सांगितले आणि त्या दहा आकड्यांत उभ्याउभ्या अर्धा पाव संपवला. बाबा सातवर असताना तिने विचारलं, “कुणी केलाय?” मी म्हटलं, “मी.” तिने तोंडात घास ठेवूनच माझ्याकडे पाहिलं. तिथेच मी संपलो.

या मुलीसमोर गोड म्हणून काही टिकत नाही. गणपतीत आरतीआधी नैवेद्याचे सहा मोदक तिने खाल्ले होते आणि वर ‘बाप्पाने खाल्ले असतील’ असं सांगितलं होतं, वय वर्षं पंचवीस. त्यांच्या घरी सुकेळी करतात. राजेळी केळी पिकवायची, सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सुक्या पानांत घट्ट बांधून ठेवायची. ती महिनोन् महिने राहतात, पण ती अश्लेषाला सापडली नाहीत तर. हरिभाऊ दरवर्षी लपवायची जागा बदलतात. माळा झाला, भाताची कणगी झाली, एकदा तर पंपाच्या खोलीत ठेवली. ती दर वेळी वासावर जाते.

जानेवारीत तिने घरी आमचं जुळल्याचं सांगितलं. तिचे आईवडील तयार होते, पण त्या घरात आजोबांनी मान हलवल्याशिवाय काही हलत नाही. मला त्यांच्या केळीच्या वाडीत बोलावणं आलं. हरिभाऊ विहिरीच्या कठड्यावर बसले होते. त्यांनी मला आधी पायापासून वर आणि मग वरून पायापर्यंत पाहून घेतलं.

“गाव कुठलं?”

“मूळ सातारा. पण जन्म वसईचाच.”

“काय करता येतं?”

मी पदवी सांगितली. त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं. नोकरी सांगितली. पुन्हा विहिरीत पाहिलं. शेवटी अश्लेषाच म्हणाली, “आबा, हा केळ्याचा पाव करतो. खूप छान करतो.”

“केळं आम्ही पिकवतो,” हरिभाऊ म्हणाले. “पिकवायला काय, झाड पिकवतं. केळं टिकवायला माणूस लागतो. तुझा पाव किती दिवस राहतो?”

मला खरं तर ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे तो कधी दुसरा दिवस बघत नव्हता. तरी मी छाती काढून म्हणालो, “राहील की चार दिवस.”

“बरं.” त्यांनी झाडाजवळ ठेवलेल्या केळ्यांच्या तीन फण्या माझ्या हातात दिल्या. “बुधवारी कर. रविवारी मी तुझ्या घरी येतो. मऊ पाहिजे, वास पाहिजे, आणि शिळेपणा मला जिभेवर कळतो. टिकला तर पुढचं बोलू.”

परतताना मी फण्या तान्ह्या बाळासारख्या उराशी धरल्या होत्या आणि रिक्षावाल्याला हळू चालव, हळू चालव म्हणत होतो. चार दिवस! नुसते चार! मला आनंद इतका झाला होता की घराखाली उतरून मी सुटे पैसे न घेताच जिना चढलो.

बुधवारी रजा टाकली. केळी कुस्करली, गूळ, दही, कणीक, वेलदोडा, खायचा सोडा, आणि दुपारी तीनपर्यंत चार पाव तयार. घरभर असा वास सुटला की शेजारच्या जीना आंटी बेल न वाजवताच आत आल्या. पन्नास वर्षं नाताळचे केक करणारी बाई. त्यांना मी सगळी हकिगत सांगितली.

“ऐक,” त्या खुर्ची ओढून म्हणाल्या. “गरम गरम झाकायचा नाय. वाफ पूर्ण जाऊ दे, तीन तास तरी. मग अख्खा ठेव, सुरी लावायची नाय. कोरड्या कागदात गुंडाळ, डब्यात घाल, गॅसपासून लांब ठेव. फ्रिजमधे तर बिलकुल नाय, सुकून जातो. आणि डबा उघडून उघडून बघू नको, बाबा. रविवारी उघड.”

मी वहीत लिहून घेतलं. पण शास्त्र ते शास्त्र. एकाच पद्धतीवर विसंबून राहायचं नाही हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी ठरवलं, तीन पाव तीन ठिकाणी ठेवायचे आणि उत्तम राहील तो हरिभाऊंना द्यायचा. चौथा अश्लेषाचा. तो हिशेबात धरलाच नव्हता, कारण तिच्या हातात गेलेली गोड वस्तू रविवार बघत नाही.

संध्याकाळी ती बाबांच्या खांद्यासाठी आली. मी पाव पुढे केला. “कापून देऊ?”

“नको, असाच दे,” ती म्हणाली आणि पिशवीत घालून निघाली. अख्खाच खाणार, मी मनात म्हटलं, आणि जिन्यातून तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत दारात उभा राहिलो.

पहिला पाव आईने बिघडवला. माझी आई, आशालता, प्रेमळ बाई आहे, पण तिच्या हातातून कुठलीही गरम गोष्ट फडक्यात गुंडाळली गेल्याशिवाय सुटत नाही. मी आंटींना दारापर्यंत सोडायला गेलो तेवढ्यात तिने एक पाव चपातीसारखा फडक्यात बांधून डब्यात कोंबला. “मऊ राहतो,” ती म्हणाली. मी ओरडलो, ती रुसली, आणि रुसलेल्या आईच्या डब्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती. शुक्रवारी सकाळी त्या पावाला घाम फुटला होता. संध्याकाळी त्यावर हिरवी लव आली.

दुसरा मी मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवला होता, प्रयोग म्हणून. शनिवारी काढला तर तो भिंतीत लावण्याच्या लायकीचा झाला होता. शिवाय शेजारी मसाला लावलेले बोंबील होते. केळं, वेलदोडा आणि बोंबील. मी एक घास घेतला आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

“दोन केळी उरलीत ना?” आई हळूच म्हणाली. “सकाळी नवा कर. म्हाताऱ्याला काय कळतंय?”

मोह झाला, नाही म्हणत नाही. कुस्करायचा काटाही हातात घेतला. पण अश्लेषासमोर खोटं बोललो की माझे कान लाल होतात आणि ते तिला माहीत आहे. काटा ठेवून दिला. तिसरा पाव होता की! जीना आंटींच्या नियमाने ठेवलेला. तीन तास गार केलेला, कागदात गुंडाळलेला, स्टीलच्या डब्यात, हॉलच्या कपाटात वरच्या फळीवर, आणि डब्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी : रविवारपर्यंत उघडू नये. मीसुद्धा उघडला नव्हता. ऑफिसात जीव त्या डब्यात अडकलेला असायचा, तरी उघडला नव्हता.

शुक्रवारी फोनवर अश्लेषाला विचारलं होतं, “तुझा पाव कसा झाला होता?”

“त्याचं काय विचारतोस,” ती म्हणाली आणि नुसती हसत सुटली. म्हणजे कधीच संपला.

रविवारी अकरा वाजता हरिभाऊ आले. पांढरा सदरा, टोपी, हातात काठी. मागे अश्लेषा, खांद्याला कापडी पिशवी. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि बघत नाही हे मला दिसावं इतकं बघत नव्हती. चहा झाला. हरिभाऊंनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “आण.”

मी डबा आणला. चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. कागद सोडवला. पाव अख्खा, सोनेरी, कुठे डाग नाही, वास तर असा की आईने डोळे मिटले. मी विजयी वीरासारखा सुरी उचलली आणि वरून टेकवली.

पाव आत बसला.

म्हणजे छप्पर बसावं तसा. वरचा पापुद्रा खाली गेला आणि आत काहीच नव्हतं. कुणीतरी तो उलटा करून, बुडाला भोक पाडून, शहाळ्यातली मलई काढावी तसा चमच्याने साफ केला होता. नंतर पुन्हा सुलटा ठेवून, कागदात गुंडाळून, डब्यात घालून, चिठ्ठीसकट फळीवर.

सगळ्यांनी आपोआप बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे बघत होते.

“बाबा!”

“रोज थोडंच,” बाबा म्हणाले. “आणि तूच म्हणालास ना, साखर नाही, गूळ आहे.”

“चिठ्ठी होती वर!”

“चिठ्ठी वर होती. मी खालून खाल्ला.”

“आणि कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत तुमचा हात कसा पोचला? खांदा आखडलाय ना?”

“हिच्या व्यायामाने,” बाबा अश्लेषाकडे बोट दाखवून म्हणाले, आणि तो हात त्यांनी खरंच डोक्याच्या वर नेऊन दाखवला.

मला रडावं की कुणाला तरी मारावं हे कळेना. सात वर्षं मी गोळ्यांना उष्णता आणि ओलावा सोसतो का ते बघत आलो. वडील सोसतात का, हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. मी सुरी खाली ठेवली. हरिभाऊंच्या समोर उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगितलं. हिरवी लव सांगितली, बोंबील सांगितले, आईने सुचवलेली लबाडीही सांगून टाकली. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

“म्हणजे चार दिवसांत तुझा एकही पाव टिकला नाही,” हरिभाऊ म्हणाले.

“एकही नाही, आजोबा.”

“मग नापास.”

तिचं आणि माझं सगळं या एका पोकळ पावाने घालवलं, असं वाटून मी अश्लेषाकडे पाहिलं. ती ओठ दाबून बसली होती आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

“पिशवी दे,” हरिभाऊ तिला म्हणाले.

त्यांनी आतून एक पुडकं काढून टेबलावर ठेवलं. केळीच्या सुक्या पानांत घट्ट बांधलेलं, वर केळीच्याच सोपाची, खोडाच्या सालीची, दोरी. मला वाटलं सुकेळी आणलीत, नकार गोड करून द्यायला. हरिभाऊंनी गाठ सोडली, एकेक पान उलगडलं.

आत पाव होता. माझा. बुधवारचा चौथा. अख्खा, कुठेही न उष्टावलेला, कोपराही शाबूत. हरिभाऊंनी अंगठ्याने दाबला, तो दबला आणि पुन्हा वर आला. गुळाच्या वासात सुक्या पानाचा वास मिसळला होता.

“बुधवारी सांजेला घरी आली,” हरिभाऊ म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते पण बघत पावाकडे होते. “म्हणाली, आबा, सुकेळी बांधता तसा हा बांधून द्या, त्याचे सगळे बिघडले तर एक तरी असावा. मी बांधला. मनात म्हटलं, सकाळी पानंच राहणार. गुरुवारी बघितलं, आहे. शुक्रवारी उशाशी घेऊन बसली होती, वास घेत होती. दोरी सोडली नाही. काल तिच्या आईने लाडू दिला, तर म्हणाली, नको, लाडू खाल्ला की पावाची आठवण येते.”

अश्लेषा म्हणाली, “आबा, पुरे ना आता.”

“हिने जन्मात गोड वस्तू रात्रभर ठेवली नाही,” हरिभाऊ म्हणाले. “देवाची ठेवली नाही, माझी ठेवली नाही. तुझी चार दिवस ठेवली. माझं आणखी काय बघायचं राहिलं?” मग त्यांनी बाबांकडे वळून टोपी नीट केली. “श्रीरंगराव, तुमची काय अडचण नसेल तर तारीख काढू.”

बाबा चटकन म्हणाले, “काढू की,” आणि एक हात पावाकडे सरकवला. अश्लेषाने तो हात मनगटाला धरून दहा आकडे मोजायला लावले.

मग ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, नाक लाल, आणि जगातली सगळ्यात गोड मुलगी. मी काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच बोलली.

“सिद्धेश,” ती म्हणाली, “आता खाऊ का?”