धाकट्याची थरथर

उभं राहायला शिकवणारी बाई म्हटल्यावर लोक हसायचेच. ताईंनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. टेलिफोनच्या कचेरीत जन्मभर बसून त्यांची पाठ कामातून गेली, तेव्हा एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्यांना ही चिनी विद्या दिली होती. गुडघे किंचित सैल, खांदे खाली, हात छातीसमोर गोल, जणू झाडाला मिठी मारलीय. आणि मग काही म्हणजे काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. लोक ज्याला ताई ची म्हणून ओळखतात ते पवित्रे आणि हातवारे सगळे नंतर. रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, टर्पेंटाइनच्या वासात, सकाळी वर्ग भरायचा आणि विद्यार्थी त्याला ‘ताईंची ताई ची’ म्हणायचे.

त्यांचा भाऊ तिथं आला तो उजवा खांदा आखडला म्हणून, आणि तेही बायको हात धुऊन मागे लागली म्हणून. केस पिकले तरी सगळ्या गावाचा तो धाकटाच. त्याचं छोटंसं सलून होतं.

“उभं राहायला काय शिकायचं?” तो पहिल्याच दिवशी म्हणाला. “गिऱ्हाईक बसतं आणि मी उभा असतो. जन्म गेला माझा त्यात!”

पण राहिला उभा. आणि थोड्याच महिन्यांत त्याचा उजवा हात थरथरू लागला.

आता, या विद्येत थरथरीला मोठा मान. अंगात वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं काहीतरी सुटायला लागलं की हातपाय थरथरतात, तिच्याशी भांडू नका, असं मास्तर सांगत. बाकीच्यांना ती यायची आणि जायची. धाकट्याची आली ती मुक्कामालाच. ताईंनी सगळ्यांसमोर त्याच्याकडे बोट दाखवलं. “बघा. अंग मोकळं सोडणं म्हणतात ते हे.” आणि त्याला पुढच्या रांगेत आणलं.

ज्या पोराचं प्रगतिपुस्तक बघून वडील कपाळाला हात लावायचे, घरात सगळं कौतुक जिच्या वाट्याला गेलं त्या बहिणीनं त्याला पुढच्या रांगेत आणलं! धाकटा जमिनीपासून दोन बोटं वर चालू लागला. निवृत्त पोस्टमन त्याला बाजूला घेऊन विचारी, “कसं जमवलंत हो?” आणि धाकटा गंभीर चेहऱ्यानं सांगे, “जमवायचं नसतं. होऊ द्यायचं.”

एकदा वर्ग सुटल्यावर सगळे खाली चहाला बसले होते. धाकट्याचा हात मांडीवर पडला होता आणि अंगठा बोटावर फिरत होता, चिमटीत मीठ धरल्यासारखा. ताईंनी ते पाहिलं. उभं राहून आलेली थरथर बसल्यावर थांबते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण धाकटा काहीतरी सांगून टेबलावरच्या सगळ्यांना हसवत होता. आत्ताच तर उतरलाय उभ्यातून, थांबेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात माणसाचा हात कुणी धरू शकत नाही.

मग एका दुपारी भावजय ताईंच्या घरी आली. ती पाणीही न पिता दारातल्या खुर्चीवर टेकली.

“वस्तरा लागला गिऱ्हाइकाला,” ती म्हणाली. “कानाखाली. मग मी यांना ओढतच दवाखान्यात नेलं. कंपवात आहे म्हणाले, ताई. पूर्ण बरा होत नाही, पण गोळ्या घेतल्या तर बरीच वर्षं हातात काम राहील.”

“मग?”

“मग काय! गोळ्यांना हात लावत नाहीत. म्हणतात, हा आजार नाही, ही माझी कमाई आहे, ताईला विचार. म्हणून आले विचारायला.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईंना बरं वाटलं असतं.

“मी सांगते त्याला,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“सांगाच. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ त्यांना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्याला वर्गाच्या आधी बोलावलं. त्या जिना चढून आल्या तर तो खिडकीजवळ उभा, डोळे मिटलेले, हात गोल, उजवा थरथरतोय. उभ्या माणसाला मध्येच हाक मारायची नाही, असा नियम होता. ताई थांबल्या आणि थांबल्या म्हणून पाहत राहिल्या. त्याचे खांदे वर चढले होते. गुडघे ताठ. कंबरेत बाक. पहिल्या आठवड्यातल्या नवख्याच्या चुका, एकूण एक. इतके दिवस त्या नुसती थरथर पाहत आल्या होत्या.

त्यानं हात पोटाशी आणले, डोळे उघडले आणि हसला. ताईंनी त्याला खुर्चीवर बसवलं. त्याचा हात मांडीवर ठेवला. हात थरथरतच राहिला.

“बसल्यावर ही थांबायला हवी होती,” त्या म्हणाल्या. “ही आपल्यातली नाही रे. डॉक्टर म्हणतात तेच खरं. मी चुकले. मला शंका आली होती, तरी मी बोलले नाही.”

धाकटा हाताकडे पाहत राहिला. खालच्या दुकानाचं शटर वर गेलं.

“म्हणजे गोळ्या घ्यायच्या.”

“आजपासून.”

“घेतो.” त्यानं डाव्या हातानं उजवा हात झाकून घेतला. “सलूनचं बघू काय ते. पण ताई, थरथरीचं सोड. बाकीचं माझं उभं राहणं, ते तरी बरं होतं ना?”

“छान होतं,” ताई लगेच म्हणाल्या. “फार छान होतं.”

धाकट्यानं मान वर करून बहिणीकडे पाहिलं. आरशात लोकांचे चेहरे वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. कापलेले केस आवडले नाहीत तरी माणसं तोंडावर छानच म्हणतात, आणि पुन्हा येत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला कळत असेल?

“बरं,” तो हळूच म्हणाला, आणि चपला घालायला उठला.