अनुसयाबाईंनी घेतलेली झडती

घरफोडीची शिक्षा भोगून आलेल्या प्रफुलला नगरपालिकेच्या आगीच्या बंबावर नोकरी लागली, पण तुरुंगाची एक सवय काही सुटेना. तिथे कामावरून बराकीत परतताना हात वर करून झडती द्यावी लागायची.

नाचणगावात अनुसयाबाईंच्या स्वयंपाकघरानं पेट घेतला, तेव्हा प्रफुल ओलं पोतं घेऊन धुरात शिरला, त्यात गुंडाळून गॅसचा सिलिंडर बाहेर आणला, अंगणात ठेवला आणि अख्ख्या गावासमोर हात वर करून उभा राहिला. लोक हसायला लागले. त्यालाही लाज वाटली, पण झडती झाल्याशिवाय मेले हात खालीच येईनात.

"जेलातून आला हा," गर्दीत कोणीतरी म्हणालं.

अनुसयाबाई पदर खोचून पुढे आल्या. त्यांनी त्याचे खिसे उलटे केले, बूट काढायला लावले, हेल्मेटातही हात घालून पाहिला. काहीच निघालं नाही. प्रफुलचा जीव भांड्यात पडला.

बाईंचा मात्र पारा चढला.

"काऊन रे, एवढा आत गेलता, अन् बाजूच्या कपाटातल्या माह्या सोन्याच्या पाटल्या तशाच ठेवून आला? कायचा चोर होय बाप्पा तू?"