माझ्यावरून शर्यत पायी गेली

मी एक जुना गतिरोधक आहे. हे माझं पुस्तकातलं नाव. करवंदवाडीत मला सगळे ब्रेकरच म्हणतात. चौक गावाहून कर्जतकडे येताना ज्या ठिकाणी तुमचं डोकं गाडीच्या टपाला लागतं ना, तिथे मी राहतो.

मित्रांनो, तुम्ही गाड्या वरून बघता, मी खालून बघतो. कुणाचं ऑइल गळतंय, कुणाचा सायलेन्सर तारेनं बांधलाय, हे मला मालकाच्या आधी कळतं. पण माझी चौकस नजर खालच्या खालीच राहते. वर कोण बसलंय ते फक्त शिव्यांवरून ओळखायचं.

माझा जन्म उरलेल्या मालातून झाला. रस्त्याच्या या अंगाला वाडी, त्या अंगाला अंगणवाडी. तिथली मदतनीस गोदामावशी रोज सकाळी अकरा पोरं रस्ता ओलांडून न्यायची. एकदा एका पोरीची चप्पल मध्येच निसटली. ती उचलायला पोर मागे वळली आणि एक डंपर तिच्या वेणीला वारा घालून गेला. त्या दिवशी गोदामावशी जेवली नाही. संध्याकाळी ती धाकलूभाऊकडे गेली. धाकलूभाऊ डांबराच्या कामावर जायचा आणि नव्या रस्त्याची खडी-डांबर थोडी उरली होती.

"वहिनी, उंची किती ठेवू?" त्यानं विचारलं.

"डायवरला आय आठवली पायजे, येवढी ठेव."

भाऊनं थेट आजी आठवेल एवढी ठेवली.

पुढची बारा वर्षं मी एकही सुट्टी न घेता झोपून काम केलं. रसायनीच्या कंपनीची बस, फार्महाऊसवाल्यांच्या मोटारी, वीटभट्टीचे टेंपो, सगळ्यांनी माझ्यापुढे मान तुकवली. नवऱ्यामुलाचा फेटा उडाला, एका टेंपोतली कोंबडी उतरून निघून गेली. पण पोराला खरचटलंसुद्धा नाही.

मग गेल्या वर्षी, ऐन थंडीत, ती सायकलींची शर्यत आली. पाच दिवसांची. रोज एक टप्पा पळायचा, पाची दिवसांच्या वेळेची बेरीज करायची, आणि सगळ्यात कमी वेळ ज्याचा तो पहिला. जो पुढे असेल त्याच्या अंगात पिवळा सदरा. तिसरा टप्पा खोपोलीहून चौकावरून कर्जतला, म्हणजे माझ्या पाठीवरून! मला आठ दिवस झोप नाही. सायकल मी पाहिली होती, पण ती दुधाच्या किटल्या लावलेली. देशोदेशीची माणसं पोटासाठी सायकल चालवतात आणि तरी दूध घालत नाहीत, मग करतात तरी काय?

तेवढ्यात रस्ते खात्याचे जगदीश साहेब जीपमधून उतरले. "हा काढावा लागेल. रस्ता सपाट पाहिजे."

"शर्यत झाल्यावर परत बांधाल ना?" गोदामावशीनं विचारलं.

"बांधू की."

"मागच्या फाट्यावरचा काढला तवा पन हेच बोललात. तिकडं बांधला का?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "गुरुवारपर्यंत सपाट झाला नाही, तर जेसीबी येईल."

साहेब गेले. गोदामावशी माझ्यावरच बसून राहिली. धाकलूभाऊ आला, त्यानं तंबाखू मळली आणि मला निरखलं. "वहिनी, साहेब सपाट कर बोलला ना? काढ नाय बोलला."

"मग?"

"डोंगर नाय कापायचा. दरी भरायची!"

आणि खरोखर, वाडीनं दोन दिवस खपून माझ्या दोन्ही बाजूंना लांबवर मुरूम पसरला, पाणी मारलं, चोपला. मी होतो तिथेच होतो, फक्त रस्ता माझ्याएवढा उंच झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी सपाट होतो. मला जरा लाजल्यासारखं झालं.

इथवर सगळं ठीक होतं. पण सोनाबाई म्हणाली, "परदेशातनं पाव्हणं येनार, आनि रस्ता आसा कोरडा?" सोनाबाई म्हणजे गोदामावशीची सासू. तिच्यापुढे साहेबांच्या गुरुवारचंही काही चालत नाही. शर्यतीच्या सकाळी बायांनी मुरमावर शेणाचा दाट सडा घातला. त्यावर रांगोळी, मोर, कमळ, आणि मधोमध 'सुस्वागतम्'. कडेला पाहुण्यांनी टेकावं म्हणून पेंढ्याचे भारे.

भोंगा वाजवत मोटारसायकल गेली. मागून सूं सूं आवाज आला. काय त्या सायकली! स्टँड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही. मी खालून बघतच राहिलो. आणि सगळ्यांत पुढचा, पिवळ्या सदऱ्याचा, मोरावर आला, शेणावरून निसटला आणि अलगद पेंढ्यात जाऊन बसला. जसा काही त्याच्यासाठीच भारा मांडला होता. मागच्यांनी ब्रेक दाबले. एकामागे एक असे नव्वद जण थांबले.

"रांगोळीवर पाय नको रं!" सोनाबाई ओरडली. भाषा कळली नाही, पण आवाज कळला. नव्वद जण खाली उतरले, सायकली खांद्यावर घेतल्या आणि मोराच्या कडेकडेनं एका रांगेत चालत गेले. पिवळ्या सदऱ्यालाही तिनं गूळ-पाणी प्यायल्याशिवाय सोडलं नाही.

अंगणवाडीतल्या छोट्या रियानं विचारलं, "मावशी, यांच्या सायकली चालत नाय का?"

"बिघडल्या आसतील गं," गोदामावशी म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. आता हा ब्रेकर काही राहत नाही, हे तिला कळलं होतं.

आठवड्यानं साहेब आलेच, जेसीबी घेऊन. तोवर गाड्यांनी मुरूम उडवला होता आणि मी पुन्हा वर आलो होतो. साहेबांनी जीप शंभर पावलं अलीकडे लावली, अंगणवाडीच्या अंगाला. जेसीबी वाडीच्या अंगाला. साहेब रस्ता ओलांडायला निघाले. डंपर आला, मागे सरकले. बस आली, मागे सरकले. मग मोटारी, एकामागून एक. पाव तास साहेब एक पाय पुढे, एक पाय मागे. फाईल छातीशी.

गोदामावशीची पोरं घरी निघायची वेळ झाली होती. "साहेब," ती म्हणाली, "तिकडनं नाय जमायचं. इकडं या. रियाचा फ्रॉक धरा."

साहेबांनी इकडे-तिकडे बघितलं. मग हळूच फ्रॉकचं टोक धरलं. अकरा पोरं आणि बारावे साहेब. कंपनीची बस माझ्यापाशी आली, कुरकुरली, पार थांबल्यासारखी झाली. बारा जण ओलांडून गेले.

"सुरू करू का, साहेब?" जेसीबीवाल्यानं विचारलं.

साहेबांनी फाईल उघडली आणि लिहिलं: 'पाहणी केली. गतिरोधक आढळला नाही.' आणि जेसीबी परत पाठवला.

तर मित्रांनो, मी कागदावर नाही. म्हणून मला पांढरे पट्टे नाहीत, माझ्या आधी पाटी नाही. गोदामावशी चुन्याचे पट्टे ओढते, ते आठ दिवसांत पुसतात. अंधारात लोक मला धडकतात आणि मलाच शिव्या देतात. त्यांचंही खरंच आहे. पट्टे तेवढे जपा, दुसरं मला काही नको.

आणि एक करा. रस्त्याच्या एका अंगाला घरं आणि दुसऱ्या अंगाला पोरं दिसली, की मी तिथे आहे असं समजा. नसलो तरी.