अक्षदाच्या कॅसेटमधल्या कोऱ्या जागा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझे मागे नेण्याचे बटण मोडले आहे. म्हणून गोष्ट मागे न्यायची, तर कॅसेट बाहेर काढून तिच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून फिरवावी लागेल. मधे काही जागा कोऱ्या लागतील. तेव्हा मला बंद करू नका. थांबा आणि ऐका.

(पेन्सिल फिरते. फिरते. पुरे.)

मंचरला चंपालालशेठच्या दुकानात मी काचेच्या कपाटात उभा होतो. नव्वद सालानंतरचा तो काळ. निमगाव सावा गावचे शेतकरी चांगदेवआण्णा बाजारात बटाटा घालून आले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केले.

"शेठ, ह्याचा आवाज लांब जातो का?"

"पावणं, घरात लावा, वस्तीवर ऐकू येईल," शेठ म्हणाले. "आणि हे लाल बटण बघा. हे आणि प्ले एकदम दाबलं, की तुम्ही बोलाल ते हा ठेवून घेतो. पण जपून हां. आधीचं पुसलं जातं."

शेवटचे वाक्य आण्णा घरी पोचेपर्यंत विसरले. माझ्या मात्र ते कायम लक्षात राहिले.

पहिली वर्षे कौतुकाची होती. बारशाला, लग्नाला शेजारी मला मागून नेत. आण्णांच्या पत्नी शीलाबाईंनी माझ्यासाठी झालरीची खोळ शिवली. मग घरात रंगीत टीव्ही आला. मी माळ्यावर कांद्याच्या रिकाम्या गोण्यांमागे गेलो. उंदरांनी माझ्या एका बाजूची वायर खाल्ली. एका बाजूचा आवाज गेला.

(कोरी जागा.)

या कोऱ्या जागेत काही वर्षे गेली.

दोन हजार तीन साली मला खाली काढले ते अक्षदाने. ती आण्णांची मुलगी. तिने पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळवली होती. विमानतळावर उंच मनोऱ्यात बसून, कोणत्या विमानाने थांबायचे आणि कोणत्या विमानाने निघायचे, हे सांगणारी माणसे असतात. त्या कामाच्या प्रशिक्षणासाठी तिने परीक्षा दिली होती. लेखी परीक्षा ती पास झाली. आता राहिली होती आवाजाची परीक्षा. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती.

"अक्षदे, तू इमान चालवणार व्हय?" शेजारचे हौशीरामकाका विचारत.

"न्हाई काका. चालवणाऱ्याला थांब म्हणणार."

"आन् त्यो थांबला न्हाई तर?"

"म्हणून तर आवाजाची परीक्षा हाय."

काका हसत. अक्षदा हसत नसे. कारण भीती वाटली की तिचा आवाज वर चढायचा आणि शब्द एकमेकांवर आदळायचे. कॉलेजात एकदा सगळा वर्ग त्यावर हसला होता. परीक्षेत नेमके हेच बघणार होते.

म्हणून ती माझे लाल बटण दाबून माझ्यासमोर सराव करी. एक हुकूम म्हणे, "होल्ड पोझिशन." म्हणजे आहेस तिथेच थांब. मग थोडी जागा कोरी सोडी. मग पुढचा हुकूम. पुन्हा कोरी जागा. त्या जागेत वैमानिकाने तोच हुकूम परत म्हणायचा असतो. त्याने चुकीचा म्हटला तर ती चूक तिथल्या तिथे पकडायची असते.

"आणि म्हटलाच न्हाई तर?" शीलाबाईंनी विचारले.

"तर त्यानं ऐकलंच न्हाई असं धरायचं."

मग मला चुलीजवळ ठेवून कॅसेट लावली जाई आणि शीलाबाई पीठ मळता मळता वैमानिक होत.

"होल्ड पोझिशन," मी अक्षदाच्या आवाजात म्हणे.

"होल्ड पोझिशन," शीलाबाई म्हणत. "आता भाकरी टाकू का?"

"आई, पायलट असं इचारत न्हाई!"

"उपाशी पायलट इचारतो."

मित्रांनो, ते माझे सर्वांत सुखाचे दिवस.

(पेन्सिल थोडी पुढे.)

त्या वर्षी उसात बिबटे फार झाले होते. वनखात्याची माणसे गावात येऊन सांगून गेली. शेतात वाकून बसू नका. पाठ करून पळू नका. संध्याकाळी रेडिओ, गाणी मोठ्याने लावा. माणूस आहे हे कळले की जनावर बाजूला जाते.

उसाला पाणी द्यायला वीज संध्याकाळीच येई. आण्णांनी मला बांधावर नेले. भजनांच्या कॅसेटींना बुरशी लागली होती. चालत होती ती एकच, अक्षदाची.

"न्या की," ती म्हणाली. "बिबट्याला इंग्लिश यील."

इथे एक चूक होत होती, आणि ती कुणालाच कळली नाही. गाण्यात कोरी जागा नसते, ते सलग वाहत असते. या कॅसेटमध्ये कोऱ्या जागा होत्या.

तुम्ही 'स्टॅच्यू' खेळता ना? ज्याच्यावर राज्य असते त्याने वळून पाहिले, की सगळे थिजतात. त्याने पाठ केली, की एक पाऊल पुढे. बांधावर तसेच घडू लागले. अक्षदाचा आवाज आला की ऊस गप्प. कोरी जागा आली की ऊस सळसळे, आणि ती सळसळ मघापेक्षा जवळ असे. वारा नव्हता. मी वाजत असलो की माझा कान, म्हणजे माइक, बंद असतो, असे म्हणतात. ते खरे नाही.

आण्णा पाटाचे पाणी वळवत होते. लेकीचा आवाज ऐकत होते. तोंडातल्या तोंडात तिच्याबरोबर म्हणतही होते.

एका संध्याकाळी कॅसेटची बाजू संपली. खट्. आण्णा माझ्यासमोर उकिडवे बसले. चिखलाच्या हातांनी त्यांनी कॅसेट उलटी घातली आणि बटण दाबले. ओली बोटे घसरली. दोन बटणे एकदम खाली गेली, त्यात एक लाल होते.

आता माझ्यातून आवाज येणार नव्हता. आता सगळी बाजूच कोरी जागा झाली होती.

यापुढचे मी सांगत नाही. फीतच सांगेल.

(पाणी वाहते.)

आण्णा: आयला, बोलंना ह्ये.

(माझ्यावर दोन थापा. पाणी. ऊस वाजतो. ऊस थांबतो.)

अक्षदा, लांबून: आण्णा, च्या आणला...

(कोरी जागा.)

अक्षदा: आण्णा. होल्ड पोझिशन.

(कोरी जागा.)

आण्णा, हळू: होल्ड पोझिशन.

अक्षदा: मागं बघू नका.

आण्णा: मागं बघत न्हाई.

अक्षदा: सावकाश उभं ऱ्हावा.

आण्णा: उभा ऱ्हातो. टेप उचलतो आन् येतो.

अक्षदा: चूक. वाकायचं न्हाई. टेप ऱ्हाऊ द्या. परत म्हणा.

(कोरी जागा.)

आण्णा: टेप ऱ्हाऊ देतो.

अक्षदा: माझ्याकडं बघत चाला. पळायचं न्हाई.

आण्णा: तुझ्याकडं बघतो. पळत न्हाई.

(चिखलात पावले. लांब. आणखी लांब. पाणी.)

(श्वास.)

मित्रांनो, हा श्वास आण्णांचा नाही. तो माझ्या कानाच्या जाळीला टेकून आहे. एक मिशी जाळीवरून घासते, तिचा कोरडा आवाजही फितीवर आहे. मग खूप वेळ श्वासच. जणू समोरचा काही बोलायची वाट बघतो आहे.

खट्.

सकाळी माणसे काठ्या घेऊन आली. माझ्याभोवती चिखलात ठसे होते. मला पुसून ओट्यावर ठेवले आणि लावले. शीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. हौशीरामकाका म्हणाले, "राव, परीक्षावाल्यांला ह्येच ऐकवा."

अक्षदा ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. तिचा आवाज कुठेच चढला नव्हता. शब्द एकमेकांवर आदळले नव्हते.

परीक्षेच्या खोलीत भीती वाटली तेव्हा तिने समोर चिखलात उभे असलेले आण्णा आहेत असे मानले. ती निवडली गेली. आता ती दूरच्या एका मनोऱ्यात बसते आणि विमाने तिचे ऐकतात.

मी फळीवर असतो. दिवेलागणीला शीलाबाई कॅसेटची पहिली बाजू लावतात. तिथे सरावच आहे, उसातले काही नाही. चुलीजवळून त्या लेकीला उत्तर देतात. एकदा त्या मला चालू ठेवून शेजारी गेल्या. आण्णा गावात होते. घर रिकामे होते.

"होल्ड पोझिशन," मी म्हणालो.

कोरी जागा आली. खिडकीबाहेरचा ऊस थांबला. आणि त्या जागेत कुणीतरी श्वास घेतला. माझ्या फितीवर तो नाही. मी तेव्हापासून रोज शोधतो.

म्हणून विनंती करतो. जुना टेप भंगारात देऊ नका. लाल बटण दाबण्याआधी आधीचे ऐकून घ्या. आणि कुणाला काही सांगितलेत, तर बोलून झाल्यावर थोडी जागा सोडा. उत्तर आले नाही, तर त्याने ऐकले नाही असे धरा. उत्तर आले, तर ते कुणाचे आहे ते आधी ओळखा.

माझे सांगून झाले.

(कोरी जागा.)

ऐकलेत ना? मग परत म्हणा.