कोमट पाण्याची बादली

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. किती जुनी ते विचारू नका. बुडाला दोन ठिगळे आहेत आणि कडीची एक बाजू तारेने बांधलेली आहे, त्यावरून काय तो अंदाज बांधा. खरे सांगायचे तर मित्रांनो, आत्मचरित्र सांगत बसण्याचे त्राण आता माझ्यात उरलेले नाही. पण एका हिवाळ्यातली गोष्ट मनातून जात नाही, आणि ती माहीत असलेली तीन माणसे आपापल्या कामात गर्क आहेत. तेव्हा सांगण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. जड कामे नेहमी माझ्याच गळ्यात पडतात.

माझा जन्म पत्रेकामाच्या एका दुकानात झाला. कारागिराने पत्रा वाकवला, ठोकला, काठ दुमडले आणि मला दारात खिळ्याला अडकवले. तेव्हा मी इतकी चकचकीत होते, की येणारेजाणारे माझ्यात बघून भांग सरळ करीत. पुढे माझ्या मालकीण झालेल्या बाईंनी मला पारखून घेतले. बोटांनी टकटक वाजवले, उजेडाकडे धरून भोक आहे का पाहिले आणि म्हणाल्या, "ही टिकेल." माझ्या वाट्याला आलेले कौतुक एवढेच.

बाईंच्या घरामागे एक लाकडी छप्पर होते. एका बाजूला बारा कोंबड्या आणि एक कोंबडा, मध्ये जाळी, दुसऱ्या बाजूला तीन शेळ्या. कोंबड्याला सगळे फौजदार म्हणत, कारण कामधाम काही नाही आणि आवाज मोठा. शेळ्यांतली सर्वांत थोरली होती ती हेकट. तिला दारातून आत घ्यायचे तर आधी बाहेर ओढायचे नाटक करावे लागे.

उन्हाळ्यात माझे काम सोपे असते. हिवाळ्यात मात्र जीव नकोसा होतो. आमच्याकडची थंडी अशी, की नळाखाली सांडलेले पाणी सकाळी काचेसारखे कडक झालेले असते. जनावरांच्या भांड्यातले पाणी दगड होते. तहानलेली कोंबडी अंडी देत नाही आणि गार पाणी पिऊन शेळी कुडकुडते. म्हणून बाई सकाळ-संध्याकाळ चुलीवर पाणी कोमट करीत, मला काठोकाठ भरीत आणि अंगण ओलांडून आत नेत. सगळ्यांचे पिऊन झाले, की मला उचलून पुन्हा बाहेर आणून ठेवीत. बाहेर मी गारठून जाई. मला वाटायचे, काय ही बाई! आत एवढा ऊबदार पेंढा आहे, तिथे एका कोपऱ्यात मला ठेवले तर हिचे काय बिघडेल? छपराच्या खाली दोन्ही भिंतींना एकेक झरोका होता. तेही त्या कितीही कडाक्यात बंद करीत नसत. कारण त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

त्या हिवाळ्यात एका सकाळी बाई नळापाशी घसरल्या. मी त्यांच्याच हातात होते. मी एकीकडे, त्या दुसरीकडे. माझ्या पोटाला पोचा आला, त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शेजाऱ्यांनी त्यांना हॉस्पिटलात नेले.

दुसऱ्या दिवशी बाईंची लेक आली. ती शहरात नोकरी करते. तिच्याबरोबर बाईंचे दीर आले, ते सुतार. नळापाशी उभे राहून दोघे बोलत होते.

"काका, आई आता हे सगळं करू शकणार नाही," लेक म्हणाली. "सगळी विकून टाकू या. निदान तिच्या जिवाला आराम."

"आराम?" सुतारकाका म्हणाले. "अगं, शुद्धीवर आल्या आल्या वहिनींनी आधी विचारलं ते हेकटला. माझं-तुझं नाव नंतर. त्या अंथरुणातून उठणार आहेत ते या जनावरांसाठी. ती गेली तर कशाला उठतील?"

"पण बघणार कोण?"

"मी बघतो. हिवाळाभर."

लेकीने त्यांच्याकडे पाहिले. "ठीक आहे. पण एक जरी दगावलं, तरी गाडी बोलावून सगळी देऊन टाकायची. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले.

मित्रांनो, काका मनापासून चांगला माणूस. त्यांनी केलेल्या दाराच्या फटीत पोस्टकार्डसुद्धा शिरत नाही, अशी त्यांची ख्याती. आता अशा माणसाला ते मोकळे झरोके कसे सहन होणार? पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावून म्हणाले, "वहिनींनी एवढी वर्षं वारा पाळलाय की कोंबड्या?" दोन दिवसांत त्यांनी दोन्ही झरोक्यांवर फळ्या बसवल्या. भिंतीच्या फटी पट्ट्या मारून बुजवल्या. दाराला आतून जुन्या गोधडीचे अस्तर लावले. मग मागे सरून, कमरेवर हात ठेवून आपले काम पाहिले आणि खूश झाले. काम देखणे झाले होते, हे मलाही कबूल केले पाहिजे.

आणि मला त्यांनी आतच ठेवले. गरम पाण्याने भरून, पोत्यात गुंडाळून, पेंढ्यात. "राहू दे बिचारीला, पाणीही कोमट राहील," असे म्हणाले. बिचारी! इतक्या वर्षांत मला कोणी बिचारी म्हटले नव्हते. मी सुखावले. ते सुख आज आठवले, की मला माझीच लाज वाटते.

माझ्यातून वाफ निघत होती. जनावरांचा श्वास, ओला पेंढा, लेंड्या, सगळ्याची वाफ वर चढत होती आणि बाहेर जायला वाट नव्हती. सकाळी भिंतींना पाणी सुटलेले असे. छतावरून थेंब पडत. ते कोंबड्यांच्या पिसांवर पडत आणि तिथेच गारठत. आत असा उग्र वास भरला, की काकांचे डोळे झोंबत. चौथ्या दिवशी फौजदाराच्या तुऱ्याची टोके काळी पडली. सातव्या दिवशी तो आरवला नाही. हेकट गाभण होती, दिवस भरत आले होते. ती खोकायला लागली आणि तिने चारा टाकला.

काकांना वाटले, अजून थंडी शिरते आहे. सुताराला दुसरे काय वाटणार! त्यांनी आणखी पट्ट्या मारल्या. माझ्या जोडीला आणखी एक पातेले भरून ठेवले. ओरडून सांगावेसे वाटत होते, की हे पाणी बाहेर न्या. पण आम्हाला तोंड असते ते फक्त पाणी भरण्यासाठी.

दहाव्या दिवशी सकाळी काळी कोंबडी पेंढ्यात निपचित पडलेली सापडली. काका तिला हातात घेऊन उकिडवे बसून राहिले. त्याच दुपारी त्यांचा फोन वाजला. बाई हॉस्पिटलातून बोलत होत्या.

"भावजी, कशी आहेत सगळी?"

"मजेत आहेत," काका म्हणाले.

"जरा ऐकवा मला."

काकांनी फोनचा आवाज मोठा केला आणि तो हातात धरून उभे राहिले. कोंबड्या चिडीचूप. हेकट खोकली. आणि छतावरून थेंब पडत होते ते माझ्यात. टप. टप.

"हे काय टपकतंय?"

"काही नाही, ते आपलं..."

"बाहेर पाऊस आहे?"

"नाही."

"भावजी, झरोके बंद केलेत ना तुम्ही?"

काकांनी वर फळ्यांकडे पाहिले.

"उघडा," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. थंडी सोसतात ती, ओल नाही सोसवत. आणि बादली बाहेर काढा."

काकांनी आपल्या हातांनी बसवलेल्या फळ्या आपल्याच हातांनी उचकटल्या. पटाशी वापरली नाही, घाईत नखे सोलवटली. गार वारा आत आला आणि हेकटने मान वर केली. ओला पेंढा सगळा बाहेर गेला, कोरडा आला. मला नळाखाली ठेवले. त्या संध्याकाळी गारठताना माझी तक्रार नव्हती.

तीन दिवसांनी फौजदार आरवला. तुऱ्याची टोके मात्र झडून गेली. हेकट व्याली, दोन करडे झाली, दोन्ही उभी राहिली. पण काळी गेली होती ती गेलीच होती.

लेक आली तेव्हा काका अंगणात तिची वाटच पाहत होते. मांजराने नेली, असे ते म्हणू शकले असते. कोण विचारणार होते? पण त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "पोरी, एक गेली. थंडीनं नाही. माझ्या कामानं गेली. बोलव तुझी गाडी."

लेकीने हेकटकडे पाहिले. करडे तिच्या पोटाशी ढुशा देत होती. "आई परवा घरी येतेय," ती म्हणाली. "तिलाच सांगा. मी कोण ठरवणारी?"

बाई काठी टेकत आल्या. दारातल्या खुर्चीवर बसल्या आणि कोंबड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"वहिनी, काळी माझ्या हातून..." काका म्हणू लागले.

"कळलं मला," बाई म्हणाल्या. मग जमिनीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या पहिल्या हिवाळ्यात सात गेल्या होत्या. मीही असेच झरोके बंद केले होते. चिंध्या कोंबून."

मी चकित झाले. ती गोष्ट माझ्याही आधीची होती.

"मग मला आधीच का नाही सांगितलंत?" काकांनी विचारले.

"कसं सांगू? लाज वाटायची. सगळे म्हणायचे, बाईंच्या हाताला गुण आहे. तेवढं ऐकायला बरं वाटायचं."

लेक त्यांच्याजवळ येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, अजून काय काय चुकलं होतं तुझं? सगळं सांग." बाई सांगू लागल्या.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, अडगळीत टाकू नका, असे सांगायला मी बसलेली नाही. माझे काय, मी आज आहे, उद्या गळेन. मागणे एवढेच, की आपली मुकी जनावरे कोणाच्या हाती सोपवाल, तेव्हा त्याला नुसती कामे सांगू नका. आपल्या हातून काय मेले, तेही सांगा. लाज वाटेल. वाटू द्या. ती काळी कोंबडी त्या लाजेपायीच गेली.