पाठीवरची चेन

इंग्रिडने बटर टार्ट खायला बोलावलं, तेव्हाच लॉर्न हॅवरस्टॉकला कळलं की आपली घटका भरली.

इंग्रिड म्हणजे 'उपकारकर्ते' या महापराक्रमी वीरांच्या टीव्ही मालिकेची कर्ती-लिहिती बाई. मालिकेत कुणी जगायचं, कुणी मरायचं, सगळं तिच्या पेन्सिलीच्या टोकावर. मनाने इतकी मऊ, की मारायच्या आधी ती माणसाला मिमिको या उपनगरातल्या एका छोट्या खाणावळीत नेऊन टार्ट, म्हणजे लोणी-साखर भरलेली वाटीएवढी गोड पेस्ट्री, खाऊ घालायची. चार वर्षांत चौघांना घातला. पहिला लाव्हारसात गेला, दुसरी बर्फात गोठली, तिसऱ्यावर त्याचाच पुतळा कोसळला आणि चौथ्याला चाहत्यांनी प्रेमाने चिरडलं. तेव्हापासून युनिटमध्ये कुणी घरून टार्ट करून आणला, तरी लोक डब्याला हात लावत नसत.

लॉर्न मालिकेत पोलादबाहू. एका हाताने आगगाडी थोपवणारा, दुसऱ्याने केस सावरणारा. पहिल्याच वर्षी बोट बुडत असताना केस भिजतील म्हणून हा काठावर उभा राहिला. उडी मारली दुसऱ्या उपकारकर्त्याने, उत्तरज्योतने; माणसं काढली उत्तरज्योतने, आणि हार पडले पोलादबाहूच्या गळ्यात. अर्थात उत्तरज्योत तरी कुठला धुतल्या तांदळासारखा? तो औषधकंपनीकडून गोळ्या घ्यायचा आणि पोलादबाहूच्या बायकोकडून चुंबनं. असे हे उपकारकर्ते. लोक शिव्या घालत बघायचे, पण बघायचे.

'मी काही तसा नाही हं,' लॉर्न घरी आरशाला सांगायचा. आरसा समजूतदार, गप्प बसायचा.

उत्तरज्योत व्हायचा क्लोव्हिस थिबो. दोघं नाट्यशाळेत एका खोलीत राहिलेले, एका पातेल्यातलं सूप दोन चमच्यांनी प्यायलेले. पण मालिकेचं पहिलं पोस्टर निघालं आणि बिनसलं. पहिलं नाव कुणाचं? दोघांच्या वकिलांनी तीन महिने भांडून तोडगा काढला: लॉर्नचं नाव डावीकडे, पण खाली. क्लोव्हिसचं उजवीकडे, पण वर. म्हणजे दोघंही पहिले. एवढ्यावर भागलं असतं, पण लॉर्न पोलादी पट्टी घेऊन पोस्टरपाशी गेला आणि 'वर' म्हणजे नेमकं किती वर ते मोजू लागला. मागे क्लोव्हिस उभा होता.

"मोज, मोज," क्लोव्हिस म्हणाला. "जमलं तर आपली दोस्तीपण मोज. किती बोटं भरते ते बघ."

त्यानंतर चार वर्षं दोघं एकमेकांशी फक्त इंग्रिडने लिहिलेलंच बोलले.

एक नातं मात्र तुटता तुटेना. ते होतं चेनचं. महापराक्रमी माणसांचे ते पोशाख रबराचे, अंगाला कातडीसारखे चिकटलेले, आणि चेन पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत. आत गेलेला माणूस आपल्या हाताने बाहेर येणं अशक्य. नऊ उपकारकर्त्यांना मिळून कपडेवाली एकच, न्यूफाउंडलंडची बर्नडेट. टाके घालता घालता ती तिच्या बेटावरचं गाणं गुणगुणायची:

आपुली पाठ बाई, आपल्याला दिसेना
मागची गाठ बाई, आपल्याला सुटेना

"माझ्या राजांनो, मला हात दोनच," ती या दोघांना म्हणाली होती. "एका व्हॅनमध्ये राहता ना? मग सोडा की एकमेकांचं!"

कपडे बदलायच्या त्या व्हॅनच्या मधोमध पातळ भिंत होती, भिंतीत दार होतं. रोज काम संपलं की दारावर टकटक व्हायची. एकजण पाठ करून उभा राहायचा, दुसरा चेन खाली ओढायचा. मग दुसऱ्याची पाठ, पहिल्याचा हात. ना आभार, ना निरोप. दार लागायचं. चार वर्षांत लॉर्नला क्लोव्हिसच्या तोंडापेक्षा त्याच्या मानेवरचा तीळ जास्त ओळखीचा झाला होता.

तर, टार्ट समोर आला. लॉर्नने बशी हळूच इंग्रिडकडे सरकवली. इंग्रिडने परत त्याच्याकडे.

"खा ना रे. गरम आहे."

"मला मधुमेह आहे."

"कधीपासून?"

"तुझा फोन आला तेव्हापासून."

इंग्रिड हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. हे तर फारच वाईट लक्षण. "हे बघ लॉर्न, शेवटच्या भागात धरण फुटतं. पोलादबाहू आणि उत्तरज्योत, दोघांतल्या एकानेच परत यायचंय. मी खूप विचार केला, आणि..."

लॉर्न चोपन्न वर्षांचा. या मालिकेआधी तो पोलिसी मालिकांत प्रेत व्हायचा. अकरा वेळा झाला होता. अंगठ्याला चिठ्ठी बांधून त्या थंडगार टेबलावर बारावं प्रेत होणं त्याच्या जिवावर आलं होतं. भीतीने त्याच्या जिभेला असा पाझर फुटला, की तो स्वतःच ऐकत राहिला.

"इंग्रिड, मला मरता येत नाही गं! अकरा प्रेतं केली, त्यातल्या तिघांच्या पापण्या हलल्या. एकाला तर शिंक आली. मी मेलो तर लोक चहा ठेवायला उठतील. रडवायचं असेल तर क्लोव्हिसला मार."

"क्लोव्हिसला?"

"आम्ही विशीत होतो. सडबरीला एका तळघरात नाटक होतं. तो म्हातारा राजा, मी भाला धरून उभा. काय मेला गं तो! आधी हात मेले, मग आवाज. डोळे सगळ्यात शेवटी. घरातले दिवे मालवत मालवत कुणी आतल्या खोलीत निघून जावं, तसे. मी भाला उचलून सलामी द्यायची आणि मग पडदा. मी भाला उचललाच नाही. रडत होतो. पडदा माझ्यासाठी खोळंबला."

चाळीस मिनिटं तो बोलला. चार वर्षं दाबून ठेवलेली स्तुती, कणगी फुटावी तशी टेबलावर सांडली. मित्राला खड्ड्यात ढकलायचं तर आधी त्याला खांद्यावर घ्यावं लागतं, हे ज्ञान त्याला त्या दिवशी झालं. इंग्रिड कागदी रुमालावर भराभर लिहीत होती. शेवटी तिने टार्ट स्वतःच उचलून खाल्ला.

"बरं," ती बोटं चाटत म्हणाली. "जग मग तू."

लॉर्न बाहेर बर्फात आला. पोलादबाहूने निदान बुडत्या बोटीकडे पाठ फिरवताना डोळे तरी मिटले होते. लॉर्नला समोरचा सिग्नल हिरवा झाला, याचाच आनंद झाला.

आठ दिवसांनी टार्ट क्लोव्हिसने खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी सेटवर लॉर्नसमोर कॉफीचा कप आला. दोन साखर, बिनदुधाची, नाट्यशाळेत प्यायचा तशी. आणणारा क्लोव्हिस. कप ठेवला आणि गेला. मग रोज. तीन आठवडे.

लॉर्नला वाटलं, यात विष असतं तर बरं झालं असतं. इंग्रिडने नक्की सांगितलं असणार: लॉर्नने तुझी किती तारीफ केली! बिचारा समजतोय की आपल्याला आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग मित्राने मिळवून दिला. न काढलेल्या माणसांचे हार पुन्हा पोलादबाहूच्याच गळ्यात. एकेक घोट काट्यासारखा उतरायचा. तरी तो कप संपवायचा, कारण कॉफी चांगली असायची.

क्लोव्हिसचा शेवटचा दिवस उजाडला. स्टुडिओतल्या टाकीत कोमट पाणी, वर नकली धरण. उत्तरज्योतने पोलादबाहूच्या मांडीवर मरायचं आणि पोलादबाहूने कोरड्या डोळ्यांनी बातमीदारांना सांगायचं, 'मी शर्थ केली.'

क्लोव्हिस मेला. आधी हात, मग आवाज, मग डोळे. लॉर्नने हंबरडा फोडला.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "लॉर्न, तू का रडतोयस? धरण फोडायची कळ पोलादबाहूनेच दाबली ना?"

"डोळ्यात पाणी गेलं."

"गेलंय कुठे, येतंय. पुन्हा घेऊ या, कोरडं."

मांडीवरचं प्रेत ओठ न हलवता पुटपुटलं, "भाला उचल, गाढवा."

चार वर्षांत न लिहिलेलं हे पहिलं वाक्य. पाचव्या खेपेला लॉर्नचे डोळे एकदाचे कोरडे राहिले. क्लोव्हिस थिबोचं काम संपल्याचं पुकारलं गेलं. दिवेवाले, सुतार, सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. बर्नडेटने उत्तरज्योतचा रबरावरचा झगा उतरवून घेतला आणि त्यानेच नाक पुसलं.

व्हॅनमध्ये दारावर टकटक झाली. क्लोव्हिस पाठ करून उभा राहिला. लॉर्नने चेन धरली, चार बोटं खाली ओढली आणि थांबला. मित्र आत्ताच कुठे परत मिळत होता. गप्प राहिलं तर राहील. बोललं तर...

"मला एक सांगायचंय."

"आधी उघड तरी. उकडलोय मी."

"नाही. उघडलं की तू वळशील. मला पाठीलाच सांगू दे." लॉर्नने तिळाकडे बघितलं. "तो टार्ट माझा होता. मी मरायचं होतं. ती सगळी स्तुती मी माझा जीव वाचवायला केली. मी मारलं तुला."

पाठ हलेना. मग खांदे गदगदायला लागले. लॉर्नला वाटलं, हा रडतोय. आणि मग त्याला कळलं की हा हसतोय.

"लेका, आपल्या धंद्यात फुकट स्तुती कोण करतं? इंग्रिडने बशी पुढे केली तेव्हाच मी विचारलं, हा कुणाच्या ताटातला?"

"मग कॉफी?"

"ती तुझ्या घशाखाली उतरू नये म्हणून! काय तोंड व्हायचं तुझं! तीन आठवडे करमणूक झाली माझी." हसू ओसरलं. "एक सांग. डोळे शेवटी मरतात, असं इंग्रिडला म्हणालास. ते खरं, की तेही पोटासाठी?"

"ते खरं."

"हं." पाठ जराशी सैल झाली. "आणि त्या पोस्टरवर मी किती वर होतो?"

"पाऊण इंच."

"माझ्या पट्टीवर एक भरलं होतं."

"तूपण मोजलंस?"

"तू गेल्यावर. ओढ आता."

लॉर्नने चेन कमरेपर्यंत ओढली. मग त्याने पाठ केली आणि क्लोव्हिसने त्याची ओढली. क्लोव्हिस साधे कपडे, लोकरी टोपी घालून, बॅग घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी काम संपलं आणि सवयीने लॉर्नने दारावर टकटक केली. पलीकडे कुणी नव्हतं. आगगाडी थोपवणारे ते बाहू त्याने मागे वळवले, मुरडले, भिंतीला पाठ घासून पाहिली. चेनपर्यंत हात पोचेना. बर्नडेटला हाक मारता आली असती. त्याने मारली नाही.

त्या संध्याकाळी ट्राममधले लोक बाजूला सरकले. ओव्हरकोटाखाली रबरी पोलाद घालून, मांडीवर खोका धरून, एक घामेजलेला उपकारकर्ता अवघडून बसला होता. क्लोव्हिसच्या घराचं दार त्यानेच उघडलं. त्याने खोक्याचं झाकण उचललं. आत सहा बटर टार्ट होते.

"आता कुणाला मारायचंय?"

"कुणालाच नाही," लॉर्न म्हणाला, आणि उंबऱ्यातच पाठ करून उभा राहिला.